दगड राहिला, व्हाळ हलवला

आमच्या घराच्या मागे एक दगड आहे. जांभ्याचा, कमरेइतका उंच, डोक्यावर शेंदूर. तो कोणी आणि कधी उभा केला हे कोणाला सांगता येत नाही, पण तो राखणदार आहे याबद्दल वाडीत दुमत नाही. पावसाच्या आधी नारळ आणि भात कापून झालं की कोंबडं, असा त्याचा वर्षाचा मान. आता वाडीत भात कापायला शेत उरलेलं नाही. कोंबडं मात्र वेळेवर जातं.

या दगडाला लागून एक व्हाळ, म्हणजे ओढा, वाहायचा. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पडलेलं पावसाचं पाणी गोळा करत तो उतरायचा, आमच्या कुंपणाच्या पलीकडून जायचा आणि खाली खाजणात पसरायचा. आज दगड जिथल्या तिथे आहे आणि व्हाळ हलवलेला आहे. दगड हलवला तर राखणदार कोपेल, ही भीती सगळ्यांना होती. व्हाळ हलवला तर पाणी कोपेल, ही भीती कोणालाच वाटली नाही. पाण्याला कोणी शेंदूर लावलेला नव्हता, एवढंच त्याचं चुकलं.

मी जयगडला बंदरात नोकरी करतो. आरे-वारेच्या रस्त्याने जाऊन येऊन असतो. धक्क्याला लागलेलं जहाज पाण्यात किती बुडालं आहे हे त्याच्या अंगावर रंगवलेल्या आकड्यांवरून वाचायचं आणि त्यावरून आत माल किती चढला किंवा उतरला याचा हिशेब मांडायचा, हे माझं काम. लाटांनी पाणी वरखाली होत असताना नेमका आकडा पकडायचा तर डोकं थंड ठेवावं लागतं. ही सवय घरापर्यंत आली. परसात पहिल्यांदा पाणी शिरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगाने इंच आखले.

बायको म्हणाली, "अहो, हे घर आहे. बोट नव्हे."

मी म्हटलं, "बोट असती तर बरं झालं असतं. पाण्याबरोबर वर उचलली तरी गेली असती."

घर वडिलांनी बांधलं. त्यांनी जोतं तीन फूट उचलून घेतलं तेव्हा गवंडीसुद्धा हसला होता. वडील म्हणाले होते, "शेजारी खाजण आहे. शेजाऱ्याला कधीतरी घरी यावंसं वाटतंच." पुढे बायकोने घरच्या घरी कोकमाचं आगळ, आमसुलं, आंबापोळी करून विकायला सुरुवात केली. त्यासाठी मागच्या अंगाला आम्ही एक खोली वाढवली. आगळाची पिंपं आत-बाहेर लोटायला सोपं जावं म्हणून तिचं जोतं मात्र फूटभरच ठेवलं. वाडीतल्या दोघीजणी तिच्याबरोबर कामाला येतात. एकीचा नवरा मुंबईला असतो आणि त्याच्या फोनपेक्षा आमच्याकडची मजुरी जास्त नियमित येते, असं तीच सांगते.

आता खाजणाबद्दल. खाजण म्हणजे खाडीकाठची सखल, खारी जमीन. तिला खाडीच्या बाजूने मातीचा बांध असतो आणि बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून ढकलू लागलं की झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि पावसाचं साचलेलं पाणी खाडीत जातं. म्हणजे भरती असेल तेवढा वेळ डोंगरावरून आलेल्या पाण्याला कुठेतरी थांबावं लागतं. ते खाजणात थांबायचं, एसटी स्टँडवर माणसं गाडीची वाट बघत बसतात तसं. आता स्टँड पाडून तिथे इमारत बांधली, तर गाडी येईपर्यंत माणसं कुठे बसतील? शेजारच्या ओट्यावर. तो ओटा आमचा.

कारण खाजणावर इमारत आली. एक नव्हे, तीन विंगांचं संकुल. डंपरच्या डंपर लाल मातीचा भराव पडला. जिथे आम्ही लहानपणी खेकडे धरायला उतरायचो तिथे आता चढून जावं लागतं. संकुलाच्या नावात सागर आहे, किनारा आहे आणि वाऱ्याची झुळूकही आहे. जाहिरातीच्या फलकावर एक बाई बाल्कनीत चहा पीत समुद्राकडे बघत होती. प्रत्यक्षात त्या बाल्कनीतून आमची पाण्याची टाकी दिसते.

सदनिका घेतल्या त्या बहुतेक मुंबईकरांनी. मुळात आपलीच माणसं, आतल्या गावांतली. गावचं घर भावाकडे राहिलं, म्हणून इकडे एक आपलं असावं, अशी साधी आणि रास्त इच्छा. गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात मुलांना घेऊन आंबे खायला येतात. बाकी वर्षभर कुलूप. म्हणजे ज्या जागेत पाणी वर्षातले चार महिने राहायचं, तिथे आता माणसं चार आठवडेसुद्धा राहत नाहीत. निव्वळ वापर बघितला तर पाणी जास्त चांगला भाडेकरू होता.

वर सड्यावरही काही वेगळं घडलं नाही. तिथे पावसात कातळावर गवत यायचं, खळग्यांत पाणी थांबायचं, फटींतून जिरायचं आणि उरलेलं सावकाश खाली यायचं. आता तिथे समुद्र दिसणारे प्लॉट पाडले आहेत. खळगे बुजवले, गवत गेलं, काँक्रीटचे रस्ते झाले. रस्त्यांना दोन्ही बाजूंनी गटारं, आणि गटारांची तोंडं खाली आमच्याकडे. पूर्वी वर पाऊस पडला की आमच्याकडे पाणी दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचायचं. आता चहा ओतेपर्यंत येतं.

आणि मधे तो दगड. संकुलाला रस्ता हवा होता आणि रस्ता काढायला जागा होती ती व्हाळाचीच. म्हणून व्हाळ पाइपात घातला आणि पाइपावर रस्ता केला. पाइप सरळ येत होता तो दगडापाशी अडला. राखणदाराच्या चौथऱ्याखाली खणायला एकही मजूर तयार होईना. ठेकेदारही याच मातीतला, त्यालाही हौस नव्हती. मग पाइपाला काटकोनात वळवून आमच्या कुंपणाला लावला, कुंपणाच्या कडेने नेला आणि पुढे पुन्हा काटकोनात वळवून खाली सोडला. कागदावर रेघ फार सुबक दिसते. पाण्याला मात्र काटकोन शिकवायचा राहून गेला. जिथे पहिलं वळण आहे तिथे मॅनहोल आहे. मोठा पाऊस आला की त्याचं झाकण नाचतं, मग बाजूला पडतं आणि सगळा व्हाळ आमच्या फाटकातून आत येतो.

मी मोजलं होतं. जुना व्हाळ नऊ फूट रुंद आणि भरून वाहताना तीन फूट खोल असायचा. पाइप दोन फुटी. पाण्याला जायला पूर्वी जेवढी वाट होती तिच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास उरली, आणि त्यातही दोन काटकोन. हे मी ठेकेदाराला सांगितलं तेव्हा तो आपुलकीने म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. पाइप नवा आहे." जणू पाणी पाइपाचं वय विचारून आत शिरणार होतं.

दोन पावसाळे खोलीत पाणी शिरलं. पहिल्या वर्षी पिंपं आडवी झाली आणि आगळाने लाल झालेलं पाणी वाडीभर फिरलं. लोकांना वाटलं, कोणाचा तरी खून झाला. दुसऱ्या वर्षी आंबापोळ्यांचे डबे भिजले. डबे बंद होते, आत पाणी गेलं नसेलही, पण गटाराच्या पाण्यात बुडालेला डबा पुसून विकणारी बाई माझी बायको नव्हे. तिने सगळा माल परड्यात खड्डा करून पुरला.  त्या संध्याकाळी ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा पाणी आलं, तर मी हे बंद करणार. दुकानदारांना 'या वर्षी माल नाही' हे तिसऱ्यांदा सांगायला मला तोंड नाही." कामाला येणाऱ्या दोघीही तिथेच उभ्या होत्या.  एकीने खड्ड्यावर पायाने माती सारखी केली.

म्हणून मी एप्रिलमध्ये संकुलाच्या सभेला गेलो. शेजारी म्हणून मला बोलावलं होतं. बायको न बोलावता आली.

अध्यक्ष मुंबईच्या एका बँकेतून निवृत्त होऊन इथे कायमचे राहायला आलेले गृहस्थ. स्वभावाने वाईट मुळीच नाहीत. प्रत्येक वाक्य ठराव मांडल्यासारखं बोलतात, इतकंच.

"साहेब, तुमच्या कुंपणामुळे पाणी अडतं," त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलं.

"कुंपण माझ्या वडिलांच्या हातचं आहे. तुमची इमारत कधीची?"

"हा वयाचा प्रश्न नाही, तांत्रिक प्रश्न आहे."

ठेकेदारही आलेला होता. तो म्हणाला, "पाइपात काही चूक नाही हो. पाणीच जास्त येतंय. हवामान बदललंय ना सगळीकडे."

मी म्हटलं, "बदललं असेल. पण पाइप काही हवामानाने टाकलेला नाही."

दोघं-तिघं हसले. अध्यक्षांनी टेबलावर पेन वाजवलं. मग बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं, की पाइप सरळ नेला तर पाणी तुंबणार नाही, पाइप सरळ नेण्यासाठी दगड हातभर सरकवावा लागेल, आणि दगड सरकवायचा की नाही हे माणसांनी ठरवायचं नसून ग्रामदेवतेला कौल लावून ठरवायचं. कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी देव मानतो, आणि कौलाला हसणाऱ्यांतला मी नाही. माझ्या लग्नालाही कौल लावला होता. तो उजवा पडला होता, हे बायको मला अधूनमधून आठवण करून देते.

ती मागच्या खुर्चीवरून म्हणाली, "मी एक विचारू?"

"विचारा ना, वहिनी."

"खाजणात भराव घातलात तेव्हा कौल लावला होता का? सडा फोडला तेव्हा? खाडीकडची तिवरं तोडली तेव्हा? तेव्हा काय देवही मुंबईला गेला होता, गणपतीला परत यायचा म्हणून?"



"त्या सगळ्याला रीतसर परवानग्या होत्या, वहिनी," अध्यक्ष म्हणाले. "दगडाची परवानगी कोणतंच खातं देत नाही. म्हणून देवाकडे जावं लागतं."

हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मला त्यांचा राग येईना.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही देवळात जमलो. गुरव तिशीतला आहे. सकाळी पूजा आटोपून तो रिक्षा चालवतो. अध्यक्षांनी प्रश्न घरून बांधून आणले होते. तीन ओळींचा एकेक प्रश्न, त्यात 'सदर' हा शब्द दोन-दोनदा. गुरवाने तो कागद वाचला, घडी करून खिशात टाकला आणि म्हणाला, "देवाला ह्यातलं काय कळायचं नाय. मी माझ्या शब्दांत सांगतो."

त्याने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी आली आहेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"पाण्याने हैराण झाली आहेत. राखणदाराचा धोंडा आहे त्या जागेवरून हातभर सरकवायची तुझी मर्जी असेल, तर उजवा दे. नसेल, तर डावा दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डावी कळी पडली. टपकन, अजिबात वेळ न लावता.

ठेकेदाराने सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. पाइप उखडून पुन्हा टाकायचं काम देवाने त्याच्या डोक्यावरून काढलं होतं. अध्यक्षांनी दुसरा प्रश्न पुढे केला. राखणदार उघड्यावर आहे, त्याच्यावर घुमटी बांधावी का? फरशी, वर छोटा कळस, दिवाबत्तीची सोय? उजवी कळी पडली. सगळे खूश झाले. पाण्यासाठी गेलेली मंडळी घुमटीचं काम घेऊन परतायला निघाली.

मी गुरवाला म्हटलं, "अजून एक विचार. व्हाळ पूर्वी ज्या वाटेने जायचा, त्याच वाटेने त्याला जाऊ द्यावा का?"

गुरवाने कळ्या ओल्या केल्या. तेवढ्यात अध्यक्षांनी माझी बाही धरली. "थांबा, थांबा. हा प्रश्न नको."

"का?"

ते आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, उजवा पडला तर?"

"तर तसं करायचं."

"तिथे आमचं पार्किंग आहे हो! आणि सी विंगचा जिना. उजवा पडला तर काय जिना पाडायचा?"

"मग डावा पडेल कदाचित."

"कदाचित? देवाच्या बाबतीत कदाचितवर जाता येत नाही साहेब. एकदा कौल झाला की बांधील होतो आपण."

गुरव हातात ओल्या कळ्या घेऊन उभाच होता. तो म्हणाला, "विचारायचं की नाय ते आधी तुमच्यात ठरवा. माझी गाडी उभी आहे, स्टेशनला सवारी सोडायची आहे."

विचारायचं नाही, असं ठरलं. कळ्या ताटलीत परत गेल्या. आतापर्यंत मी समजत होतो की लोकांचा देवावर विश्वास कमी पडतो, म्हणून असं होतं. त्या दिवशी कळलं की विश्वास पुरेपूर आहे. देव खरं सांगेल याची खात्री असल्यामुळेच तो प्रश्न विचारला गेला नाही.

देवळाच्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली, "देवालासुद्धा सभेच्या विषयपत्रिकेवरचंच विचारायचं, असं आहे तर."

घरी आल्यावर मी तिला पाइप, वळणं, उंची, सगळं पुन्हा समजावून सांगू लागलो. ती मागच्या खळ्यात आंबापोळ्या उलटत होती. हे खळं म्हणजे सिमेंटचं गुळगुळीत अंगण. तिच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या कमाईतून तिने ते करून घेतलेलं. ऊन दिवसभर, धूळ नाही, कुत्रं येऊ नये म्हणून कडेने जाळी. तिचा अर्धा धंदा या खळ्यावर वाळतो.

"मला आकडे नकोत," ती म्हणाली. "मॅनहोलमधून बाहेर पडलेलं पाणी खोलीत न येता खाली जाईल अशी वाट आहे का, तेवढं सांगा."

वाट एकच होती. आमच्या कुंपणाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही भिंतींत नऊ-नऊ फुटांची खिंडारं पाडायची आणि मधून सरळ चर खणायचा. खालच्या भिंतीपलीकडे खाजणाचा एक तुकडा अजून भरावाविना शिल्लक होता. तो कोणाच्या निसर्गप्रेमामुळे राहिलेला नाही. त्याच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत, आणि त्यांतली इतकी एकमेकांशी बोलत नाहीत, की विकायला एका टेबलावर सह्या जमत नाहीत. कोकणात सखल जमिनी वाचवण्याचं जेवढं काम भाऊबंदकीने केलं आहे, तेवढं कोणत्याही कायद्याने केलेलं नाही.

मी तिला हात करून वाट दाखवली. वरच्या भिंतीपासून विहिरीच्या अलीकडून खालच्या भिंतीपर्यंत.

"मधे माझं खळं येतं," ती म्हणाली.

"येतं."

"कडेने नेता येणार नाही?"

"कडेने नेला तर वळण घ्यावं लागेल."

तिने उरलेल्या आंबापोळ्या उलटल्या. शेवटच्या रांगेपर्यंत. मग पदराला हात पुसत म्हणाली, "हा माल वाळू दे. सोमवारी फोडा."

सोमवारी गडी आले. भिंतीचे चिरे एकेक करून निघाले. वडिलांनी रचलेले चिरे चुन्यात इतके घट्ट बसले होते की गडी शिव्या देत होते, आणि मला वाईट वाटत असतानाही थोडा अभिमान वाटत होता. तेच चिरे चराच्या दोन्ही बाजूंना लावले. खळं फुटलं तेव्हा बायको आत होती. मिक्सर चालू करून काहीतरी वाटत होती. त्या दिवशी जेवणात चटणी नव्हती.

रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबत होता.

"काय हो, घर काढलंत की काय विकायला?"

"नाही."

"मग भिंत का पाडताय?"

"पाण्याला जायला."

"अहो पण जागा तुमची ना?" प्रत्येकाने हेच विचारलं आणि मला प्रत्येक वेळी उत्तर द्यायला जड गेलं. कारण कागदावर ती माझी होतीच. अध्यक्षही येऊन गेले. त्यांनी कळकळीने सांगितलं की प्लॉटच्या मधून नाला गेला की जागेचा भाव बसतो. त्याच आठवड्यात तिकडे घुमटी बांधून झाली. पांढरी फरशी, वर कळस आणि रात्रंदिवस रंग बदलणारी दिव्यांची माळ. चौथरा दोन्ही बाजूंनी फूट-फूट वाढवला होता. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याला आधी जेवढी जागा होती, तेवढीही आता उरली नाही.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना आडाखा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पौर्णिमा असल्याने मोठं उधाण. आषाढी पौर्णिमेला पहाटेपासून असा पाऊस लागला की समोरचं संकुल दिसेनासं झालं. त्याबद्दल मला पावसाचे आभार मानावेसे वाटले. पण तो थांबेना. आम्ही दोघांनी आणि कामाच्या दोघींनी मिळून सगळे डबे घरात नेले, आणि भरलेली पिंपं फळीवरून ढकलत, घसरवत पुढच्या ओटीवर चढवली. एका पिंपाखाली माझं बोट चेमटलं. बायको म्हणाली, "बोट नंतर बघा, आधी पिंप धरा."

दहाच्या पुढे मॅनहोलचं झाकण नाचू लागलं. मग ते सरकलं आणि पाणी आलं. लाल, जाड, वेगाने. घुमटीला वळसा घालून, तिच्या माळेच्या दिव्यांत निळं, हिरवं, गुलाबी होत. दगड छातीपर्यंत पाण्यात होता. त्याने आयुष्यभर हेच बघितलेलं, त्याला काही वाटल्याचं दिसलं नाही.

पाणी आमच्या भिंतीपाशी आलं. क्षणभर ते नेहमीच्या सवयीने फाटकाकडे वळतंय असं वाटलं. मग त्याला खिंडार सापडलं. ते चरात उतरलं आणि खळ्याच्या फुटक्या कडांवरून आवाज करत खाली गेलं. चर भरला, पाणी दोन्ही काठांवर चढलं, परडं भरलं. मी कठड्यावरचे इंच वाचत होतो आणि मोठ्याने सांगत होतो.

"आकडे सांगू नका हो," बायको ओरडली. "खोलीत येतंय की नाही तेवढं सांगा!"

"अजून नाही."

सव्वाअकराला ते खोलीच्या उंबऱ्याखाली चार बोटांवर होतं. भाऊबंदांचा तो तुकडा पार खाडीसारखा दिसत होता. त्यापुढे जायला उघाडी मिटलेली. आता नुसतं थांबायचं होतं. त्या अर्ध्या तासात आम्ही चौघं खोलीच्या दारात उभे होतो. मी फक्त तो एक आकडा बघत होतो. तो हलला नाही. मग एक इंच दिसला, जो मघाशी दिसत नव्हता. ओहोटी लागली होती.

बायको आत गेली. मांडणीखाली हात घालून तिने सगळी जमीन चाचपली, कोपऱ्यापर्यंत. तळहात वर करून दिव्याखाली बघितला. मग कामाच्या दोघींना म्हणाली, "चहा ठेवा गं."

दुपारी पाऊस ओसरल्यावर अध्यक्ष आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आमच्या परड्यातला गाळ बघत ते चराच्या काठी उभे राहिले. "कमाल केलीत साहेब," ते म्हणाले. "आमच्या पार्किंगमधलंही पाणी या खेपेला तासाभरात उतरलं. हे मॉडेल म्हणून मांडता येईल." मग थोडं थांबून म्हणाले, "आता वाट झालीच आहे, तर सी विंगच्या मागचंही पाणी इकडेच सोडून घेऊ म्हणतो. एक छोटा पाइप जोडून."

"किती छोटा?" मी विचारलं.

"दोन फुटीच."

बायको पिंपाचं झाकण हातात घेऊन बाहेर आली होती. "जोडा की," ती म्हणाली. "फक्त आधी तुमची नऊ फूट भिंत काढा, आणि तिच्यामागचं नऊ फूट पार्किंग. आम्ही काढलं तसं. मग खुशाल जोडा."

अध्यक्ष हसले. "वहिनी, तुम्ही पण मस्करी करता."

"मस्करीचं खातं यांच्याकडे आहे. मी मोजून सांगत्ये."

ते अजून थोडं हसले, मग हसायचे थांबले, मग म्हणाले की पुढच्या सभेत विषय घेतो. घुमटीच्या बाजूने जाताना त्यांनी चप्पल काढून राखणदाराला हात जोडले आणि चिखलातून आपल्या इमारतीकडे गेले.

फुटकं खळं काही परत येणार नव्हतं. पावसानंतर वाळवण गच्चीवर न्यावं लागणार होतं, आणि ताटं वर चढवायचं काम कोणाकडे येणार हेही ठरलेलं होतं. पण त्या क्षणी तिने चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला आणि ओटीवरच्या पिंपांकडे बोट केलं.

"बोट दुखतंय ना? मग दुसऱ्या हाताने धरा. ही सगळी आत न्यायची आहेत. उद्या दुकानदाराची गाडी येत्ये."